नाहीताईंच्या नावावर चार हजार होकार

आमच्या वरच्या मजल्यावरच्या नाहीताईंनी आयुष्यात मनापासून 'हो' म्हटल्याचे प्रसंग मोजायला बसलो, तर एका हाताची बोटंसुद्धा उरतील. आणि या बाईच्या नावावर ऑफिसच्या नोंदीत चार हजार एकशे अठ्ठावीस होकार निघाले! तारीखवार, वेळेसकट. वर शहाजोगपणे त्यांनाच विचारलं, "ताई, असं कसं हो मंजूर केलंत?" हे ऐकल्यापासून माझं डोकं जे तापलंय ते अजून उतरलेलं नाही. चिडायचं नाही असं डॉक्टरांनी मला बजावलंय. त्यांना म्हटलं, आधी ही हकीकत ऐका, मग गोळी कुणाला द्यायची ते ठरवा.

नाहीताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण खरं नाव आता त्यांच्या सासूबाईंनासुद्धा चटकन आठवत नाही. माझी भाची त्यांच्याच ऑफिसात रिसेप्शनला बसते. तिथल्या पोरांनी हे नाव पाडलं, भाचीने घरी येऊन मला सांगितलं, आणि मी ते जिन्यातून चारी मजले फिरवलं. कबूल करतो. एवढं चपखल नाव हाती आल्यावर ते खिशात ठेवून बसणारा मी नव्हे.

त्यांचा 'नाही' ऐकायला ऑफिसात जायची गरज नाही. कपाट घ्यायचं ठरलं, तेव्हा सुतार ते पाठीवर घेऊन तीनदा जिना चढला आणि तीनदा उतरला. का? तर दार मिटल्यावर वरच्या कोपऱ्यात नखाएवढी फट राहत होती. सुतार म्हणाला, "ताई, ही फट तुमच्याशिवाय जगात कुणाला दिसणार नाही." ताई म्हणाल्या, "मला दिसते ना? मग नाही." चौथ्यांदा कपाट आलं तेव्हा फट नव्हती. त्या कपाटाचं दार आज सोळा वर्षं झाली तरी करकरत नाही, हेही सांगितलं पाहिजे.

त्यांचे यजमान गाडी चालवायला शिकवतात. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं आणि पायाखालच्या जास्तीच्या ब्रेकवर पाय ठेवायचा, हा त्यांचा जन्माचा धंदा. ते म्हणतात, "काका, आमच्या घरात ब्रेक दोन, ॲक्सिलरेटर एकही नाही." त्यावर सासूबाई आतून ओरडतात, "लग्नाला बरी हो म्हणाली होती!" आणि ताई तितक्याच शांतपणे, "दोन महिने विचार करून म्हणाले होते, आई."

तर अशी बाई. गेली बावीस वर्षं त्यांचं काम एकच. दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासायचं आणि चूक असेल तर नाही म्हणायचं. त्यांची कंपनी दवाखान्यांसाठी प्रोग्रॅम बनवते. औषधाच्या बाटलीवर जे लेबल चिकटवतात ना, कुणाला, किती, दिवसातून किती वेळा, ते छापणारा प्रोग्रॅम. वीसएक जणांचं ऑफिस, वर एक साहेब. त्यांचा सगळा कोड एका ठिकाणी ठेवलेला असतो, त्याला ते रेपॉझिटरी म्हणतात. मी कोठार म्हणतो. ज्याला काही बदल करायचा असेल त्याने आपल्या टेबलावर करायचा आणि कोठारात आणून ठेवायचा. पण आत घेण्याआधी एका तपासणाऱ्या माणसाची मंजुरी लागते. कुणी मंजूर केलं, किती वाजता केलं, हे कोठार लिहून ठेवतं, आणि लिहिलेलं पुन्हा कधी खोडत नाही. चार माणसं असलेल्या गल्लीसारखं. एकदा कुणी काही पाहिलं की पाहिलं.

ती मंजुरी नाहीताईंची. पाचातले तीन बदल त्या परत पाठवायच्या. पोरं करवादायची, पण दवाखान्यातून तक्रार म्हणून कधी आली नाही.

आता तुम्हाला वाटेल, म्हातारा यंत्रावर चिडलाय. अजिबात नाही. ते यंत्र नाहीताईंनीच मागितलं होतं! तीन वर्षं साहेबांच्या मागे लागून. कुणी कोठारात काही आणून ठेवलं की लगेच सगळं जोडून बघायचं, ताईंनी लिहिलेल्या अकराशे चाचण्या त्यावर चालवायच्या, आणि सगळं ठीक असेल तर हिरवी खूण, नसेल तर लाल, असा तो सर्व्हर. पोरांनी त्याला हवालदार नाव दिलं. पाण्याच्या मशिनच्या मागच्या कोनाड्यात तो दिवसभर घुरघुरत बसतो. ताई म्हणायच्या, "काका, माझे डोळे दुपारी चारनंतर दमतात. त्याचे दमत नाहीत. पण त्याला फक्त मी सांगितलेलंच दिसतं. न सांगितलेलं बघायला माणूस हवाच." याहून शहाणं वाक्य त्या ऑफिसात कुणी उच्चारलं असेल असं मला वाटत नाही. भाचीने पगारवाढीची भाषणं ऐकवलीत मला, त्यावरून सांगतो.

हवालदाराला कोठारात शिरायचं तर किल्ली हवी. आणि खरी हकीकत सुरू होते ती इथे.

ज्याच्याकडे ही जोडणी आली त्याला सगळे झटपट म्हणतात. पोरगा हुशार. काम हातात पडायच्या आत झालेलं असतं, आणि पुढचे सहा महिने दुसरे निस्तरत असतात. साहेबांचा फार लाडका. रीत अशी होती की हवालदाराच्या नावाचं वेगळं खातं उघडायचं, आणि त्याला फक्त बघायची मुभा द्यायची, मंजुरी द्यायची नाही. पण कोठाराच्या कंपनीकडून यांनी वीसच जागा घेतलेल्या, जागा म्हणजे खाती, आणि वीसही भरलेल्या. एकविसावी घ्यायला साहेब तयार नाहीत. "यंत्राला कसली जागा? तो काय खुर्चीत बसणार आहे?" अशी कोटी करून साहेब स्वतःच हसले. मग सगळे हसले, पद्धतच आहे ती.

त्याच आठवड्यात नाहीताई दवाखान्यात. पित्ताशयातले खडे. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन, आणि आदल्या दुपारी कळा अशा, की बाई भिंतीकडे तोंड करून आवंढे गिळतेय. तेवढ्यात झटपटचा फोन.

"ताई, बरं आहे ना? जरा तुमचा पासवर्ड द्या ना, एक फाइल बघायची होती."

आणि ताई म्हणाल्या, "हो. घे लिहून."

सासूबाई उशाशी होत्या. त्या हा प्रसंग अजून साभिनय करून दाखवतात. "मोठं अक्षर, मग चार आकडे, मग डॉलरची खूण... अगं आई गं... मग पुन्हा मोठं अक्षर!" त्या वॉर्डात आठ खाटा. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी तर मध्येच विचारलं म्हणे, "डॉलर एकच का दोन?" म्हणजे पासवर्ड आठ जणींना पाठ झाला. पण त्या आठ जणींपैकी एकीनेही त्याचा गैरवापर केला नाही. केला तो साहेबांच्या लाडक्याने.

त्याने ताईंच्या खात्यात शिरून ताईंच्या नावाची किल्ली बनवली आणि हवालदाराच्या हातात दिली. किल्लीला नाव काय दिलं? 'तात्पुरती'. मी सत्तरी ओलांडली, मला विचारा तात्पुरत्या गोष्टी किती टिकतात. आमच्या जिन्यातली तात्पुरती बल्बची वायर माझ्या लग्नाआधीची आहे. इथवरही एक वेळ समजू शकतो. पण पुढची मजल ऐका. मंजुरीला माणूस नाही म्हणून बदल तुंबले होते. तर त्याने हवालदाराला सांगून ठेवलं, हिरवी खूण आली की मंजुरीही तूच देऊन टाक. आणि हवालदार कुणाच्या किल्लीने आत शिरला होता? नाहीताईंच्या! मग मंजुरीखाली सही कुणाची उमटणार? मंजुरीचे मेल ताईंना गेले असते, तर त्यानेच त्यांच्या खात्यात ते बंद करून ठेवले. आजारी बाईंना त्रास नको म्हणून. केवढी काळजी!

अकरा दिवसांनी ताई कामावर आल्या. झटपट म्हणाला, "ताई, आता मंजुरीचं आम्ही बघतो, हवालदार आहे मदतीला. तुम्ही फक्त चाचण्या लिहा." यंत्राला त्याचं स्वतःचं खातं दिलं असेल आणि मंजुरी कुणी माणूसच देत असेल, असं बाई धरून चालल्या. कुणीही धरून चाललं असतं. उलट त्यांना बरंच वाटलं. त्या आठवड्यात जिन्यात भेटल्या तेव्हा मला म्हणाल्यासुद्धा, "काका, एकदाची झाली जोडणी." मी चेहरा बघतच राहिलो. खुशीत असलेल्या नाहीताई मला तरी नव्याच.

एकोणीस महिने असे गेले. आणि मग ते लेबल.

ताईंच्या अकराशे चाचण्यांत एक चाचणी त्यांच्या जिवाची. औषध अर्धा मिलिलिटर द्यायचं असेल तर लेबलवर शून्य, टिंब, पाच असंच छापलं पाहिजे, शून्य गाळायचा नाही. का, ते त्यांनी मला औषधाच्या बाटलीवर बोट ठेवून दाखवलं होतं. नुसतं टिंब आणि पाच छापलं, आणि छापण्याच्या मशिनने टिंब जरा फिकट उठवलं, की वाचणारा वाचतो पाच. अर्ध्याच्या जागी पाच! दहा पट! आणि इवल्याशा बाटल्यांतलं औषध लागतं कुणाला? इवल्याशा पोरांना.

झालं असं, की लहान बाटल्यांसाठी लहान लेबल करायचं निघालं. जागा पुरेना, म्हणून कुणीतरी तो शून्य गाळला. हवालदाराने लगेच लाल खूण दाखवली. ताईंनी शिकवलं होतं तसंच केलं बिचाऱ्याने. माल दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. झटपटने काय करावं? शून्य परत आणायला लेबल नव्याने आखावं लागलं असतं. त्याऐवजी त्याने ती चाचणीच वगळली. शेजारी लिहून ठेवलं, 'नंतर बघू'. हाही एक बदलच, त्यालाही मंजुरी हवी. हवालदाराने उरलेल्या चाचण्या चालवल्या, सगळं हिरवं, दिली मंजुरी. म्हणजे नीट ऐका. बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलेली चाचणी बाईंच्याच सहीने रद्द झाली, आणि बाई तेव्हा दहा फुटांवर बसून डबा उघडत होती!

देवाची कृपा की एका दवाखान्यात मुलांच्या वॉर्डच्या मोठ्या सिस्टर भलत्याच खमक्या निघाल्या. हातात बाटली घेतली, लेबल वाचलं आणि म्हणाल्या, "या वजनाच्या बाळाला पाच? कोण म्हणतं?" औषध पोटात जायच्या आत थांबलं. कुणालाही काही झालं नाही. पण दवाखान्याने कंपनीला लेखी विचारलं, या बदलाला मंजुरी कुणी दिली, त्या माणसाचं नाव कळवा.

साहेबांनी कोठारात पाहिलं. नाव होतं. वेळही होती. दुपारी एक वाजून सात मिनिटं.

त्या दिवशी संध्याकाळी मी खालच्या पायरीवर बसलो होतो, म्हणजे नेहमीसारखा लोकांच्या पिशव्यांत काय आहे ते बघत. नाहीताई आल्या. हातात पिशवी नाही, नुसता एक कागद. मी म्हटलं, "काय ताई, आज कुणाला नाही म्हणालात?" एरवी फटकन उत्तर येतं. त्या दिवशी त्या कठडा धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काका, माणूस एखादी गोष्ट करून साफ विसरू शकतो का हो?"

मी उठलो आणि त्यांच्या मागोमाग वर गेलो. बोलावलं नव्हतं. अशा वेळी बोलावण्याची वाट बघायची नसते.

कागदावर टाइप केलेला मजकूर होता. 'सदर बदलास माझ्या नजरचुकीने मंजुरी दिली गेली, याबद्दल मी दिलगीर आहे.' खाली सहीची जागा. साहेब गोडीगोडीत म्हणाले होते, "ताई, निवृत्तीला अडीच वर्षं राहिलीत. सही करून टाका, प्रकरण मिटेल. बावीस वर्षांत एक चूक, कोण काय म्हणणार आहे? उद्या अकराला सिस्टर येताहेत, त्यांच्यासमोर हा कागद असला म्हणजे झालं."

"आणि मी ठरवलंय की करावी सही," ताई म्हणाल्या. "नोंद खोटं बोलत नाही. माझं नाव आहे तिथे. मंजुऱ्या आता पोरं बघतात खरं, पण कधीतरी चुकून मीच दिली असेन."

मला सर्वांत जास्त संताप कशाचा आला असेल तर या वाक्याचा. कपाटाची नखाएवढी फट हेरणारी बाई! तिला स्वतःच्याच डोळ्यांबद्दल शंका यायला लावली या लोकांनी.

यजमान चहाचा कप हातात धरून बसले होते. ते म्हणाले, "गाडी बंद पडली की मी शिकणाऱ्याला काय विचारतो? शेवटी काय केलंस ते नाही विचारत. पहिल्यांदा कुठे धक्का बसला, ते विचारतो. ही तुझी मंजुरी शेवटची. पहिली कधीची आहे?"

"पहिली? बावीस वर्षांपूर्वीची."

"मग उलटं ये. आजपासून मागे मागे. जिथे तुला वाटेल की हे माझं नव्हे, तिथे थांब."

ताईंनी लॅपटॉप उघडला. यादी वर सरकवायला लागल्या आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. एका दिवशी बारा. एका दिवशी वीस. "मी तर मंजुऱ्या देणं बंद केलंय... हे काय... हे रविवारी... हे भावाच्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी, जेवणाच्या वेळेला..." बोट सरकत राहिलं ते एका तारखेवर थांबलं. सकाळी नऊ बावन्नपासून दहा तीनपर्यंत सतरा मंजुऱ्या. अकरा मिनिटांत सतरा.

सासूबाई चष्मा पुसत मागे येऊन उभ्या होत्या. तारीख वाचून म्हणाल्या, "अगं, ही तुझ्या पोटाची तारीख!"

त्याच न करकरणाऱ्या कपाटातून दवाखान्याची फाइल निघाली. भूल दिल्याची वेळ नऊ चाळीस. शुद्धीवर आल्याची अकरा दहा.

मग यजमान म्हणाले, "भूल दिलेली असताना सतरा वेळा हो म्हणालीस? शुद्धीत असताना मला एकदा तरी म्हण."

ताई हसल्या. आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. आगाऊपणा करायचीही एक वेळ असते.

मग त्यांनी खात्याच्या आतलं एक पान उघडलं, जिथे किल्ल्यांची यादी असते. तिथे ती होती. नाव 'तात्पुरती', बनवल्याची तारीख ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची, आणि शेवटची वापरली कधी? चार मिनिटांपूर्वी. आम्ही चौघं तिथे बसलेलो असताना, हवालदार पलीकडे ऑफिसात ताईंच्या नावाने कशाला तरी हो म्हणून मोकळा झाला होता.

"पासवर्ड," ताई हळूच म्हणाल्या. "मीच दिला ना, आई?"

"आठ जणींसमोर," सासूबाई म्हणाल्या. "पण आता रडत बसू नकोस. तो कागद इकडे दे, मला डब्याखाली घालायला होईल."

मी म्हटलं, "ताई, आत्ताच्या आत्ता ती किल्ली मोडा!"

"नाही," ताई म्हणाल्या. किती दिवसांनी कानाला बरं वाटलं ते! "उद्या. सगळ्यांसमोर. आज मोडली तर म्हणतील, पुरावा हिनेच पुसला."

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत माझ्या भाचीला इतिवृत्त लिहायला बसवलं होतं. साहेबांची ही चूक माझ्या फार उपयोगाची ठरली. साहेब, झटपट, मोठ्या सिस्टर आणि नाहीताई. टेबलावर तो छोट्या लेबलाचा नमुना आणि त्याच कागदाची नवी प्रत. साहेब दूरदृष्टीचे, जुनी हरवेल हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

साहेब म्हणाले, "सिस्टर, आमच्या ताई अतिशय ज्येष्ठ. अनवधानाने झालं. त्या सही करताहेत."

"नाही," ताई म्हणाल्या.

त्यांनी यादी समोर ठेवली, शेजारी दवाखान्याची फाइल. दोन्हींवर वेळा पेन्सिलने अधोरेखित केलेल्या. "सिस्टर, या वेळी मी ऑपरेशन टेबलावर होते. माझी एक चूक आहे, ती मी लिहून देते. मी माझा पासवर्ड दिला. बाकी या चार हजार एकशे अठ्ठावीस मंजुऱ्यांतली एकही मी दिलेली नाही."

झटपट म्हणाला, "ती टेक्निकल बाब आहे. सर्व्हर रेपॉझिटरीला जोडायचा तर कुणाच्या तरी नावाने जोडावाच लागतो."

"मग तुझ्या नावाने का नाही जोडलास?" सिस्टर म्हणाल्या.

भाची सांगते, झटपटला उत्तर द्यायला इतका वेळ लागल्याचं तिने पहिल्यांदाच पाहिलं.

"मी... सारखे बदल करत असतो ना. स्वतःचे बदल स्वतःच मंजूर केलेले दिसले असते."

"दिसले असते!" सिस्टरनी साहेबांकडे मान वळवली. "बरं, मला एवढंच सांगा. या चार हजार बदलांपैकी माणसाने किती बघितले?"

साहेब म्हणाले, "त्यावर आम्ही सविस्तर अहवाल..."

"ताई, तुम्ही सांगा."

"एकही नाही," ताई म्हणाल्या.

मग त्यांनी लॅपटॉप फिरवून सगळ्यांना दिसेल असा ठेवला, 'तात्पुरती'वर बोट ठेवलं आणि विचारलं, "खातं माझं आहे ना? म्हणजे किल्ली मोडायला कुणाची मंजुरी लागत नाही?" साहेब "थांबा थांबा, आज दोन वाजता माल जायचाय" असं म्हणत अर्धवट उठले, तोवर बटण दाबून झालं होतं. पुढच्या मिनिटाला बाहेरून पोरांचे आवाज यायला लागले. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सगळं लालच लाल. हवालदार कोठाराच्या दारात उभा होता, आणि आतून उत्तर येत होतं, प्रवेश नाही. एकोणीस महिन्यांत ताईंच्या नावाने पहिल्यांदा कुणीतरी खरं बोललं.

आणि गंमत पाहा. एकविसावी जागा, जी एकोणीस महिने परवडत नव्हती, ती सव्वा तासात आली! हवालदाराला स्वतःचं नाव मिळालं. फक्त बघायचं, मंजुरी द्यायची नाही. पहिल्यापासून करायचं होतं ते एवढंच. छोटं लेबल परत मागवलं, शून्य जागेवर आला, आणि ती वगळलेली चाचणी ताईंनी समोर उभं राहून झटपटकडूनच पुन्हा चालू करून घेतली.

आता शेवट गोड झाला म्हणाल, तर थांबा. झटपटला काय शिक्षा झाली? वरच्या हुद्द्यावर दुसऱ्या शाखेत. साहेबांनी माफी मागितली का? त्यांनी सगळ्यांना मेल पाठवला, 'प्रणालीतील एक त्रुटी दूर करण्यात आली आहे.' त्रुटी! दूर करण्यात आली! कुणी केली आणि कुणी दूर केली, ते कुठे गेलं? भाचीच्या इतिवृत्तातलं सिस्टरचं 'माणसाने किती बघितले?' हे वाक्यसुद्धा साहेबांनी स्वतः खोडलं. पण भाची माझी आहे. तिने ते मला आधीच सांगून ठेवलं होतं, आणि मला सांगितलेलं खोडता येत नाही.

खोडता येत नाही ते कोठारातलंही. चार हजार एकशे अठ्ठावीस होकार तिथे ताईंच्या नावाने आहेत ते आहेतच. साहेब म्हणाले, "झालं गेलं सोडा ना ताई, कोण बघतंय?"

"मी," ताई म्हणाल्या. त्यांनी माफी मागितली नाही, बढती मागितली नाही. रोज जेवणानंतरचे दोन तास मागितले. पहिल्यापासून एकेक मंजुरी उघडायची, बदल वाचायचा, आणि खाली नव्याने लिहायचं. खरंच ठीक असेल तर 'आज पाहिलं, मंजूर'. नसेल तर त्यांचा तो शब्द. साहेब तेही नाकारणार होते, पण दवाखान्याच्या पत्रात सिस्टरनी नेमकं हेच मागितलं होतं. खमक्या बायका दोन एकत्र आल्या की साहेबांचं काही खरं नाही.

काल त्या जिन्यात भेटल्या. सहाशे बारा झालेत. एकशे चाळीस ठिकाणी 'नाही' निघालं, त्यातली दोन लेबलं आजही कुठल्या तरी बाटल्यांवर चिकटत होती, ती थांबवली. मी हिशेब केला. या वेगाने चालल्या तर निवृत्तीच्या दिवशीही काही शेकडे उरतात. तसं म्हटलंही. "ताई, उरलेल्यांचं काय?"

"घरी घेऊन येईन."

"अहो, पण निवृत्तीनंतर तुम्हाला खात्यात शिरू देतील का?"

त्या दोन पायऱ्या चढून थांबल्या. "नाव माझंच राहणार ना त्यावर? मग शिरू द्यावंच लागेल." आणि मग माझ्या गुडघ्याकडे बघून, "काका, तुमची ही पायरी एका बाजूने खचलीय. बसू नका इथे."

मी म्हटलं, चाळीस वर्षं बसतोय, चालायचंच.

"नाही," ताई म्हणाल्या, आणि मी उठेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.